फुकटचे खेळ आणि घरचा अभ्यास



घरी बसून शिकता यावे म्हणून मुलांसाठी इंटरनेटवर पुष्कळ खेळ आणि संकेतस्थळे फुकट मिळतात, ही बातमी आता जुनी झाली. २०२० च्या मार्च महिन्यात शाळांची दारे बंद झाली, आणि तोवर ज्या घरात मोबाईल केवळ बोलण्यापुरता होता त्या घरातही तो मुलांच्या हाती गेला. पुढे शाळा भरू लागल्या, पण मोबाईल काही हातातून सुटला नाही. आज संध्याकाळी गावातून एक फेरी मारा. ओट्यावर, पारावर, नाहीतर गोठ्याच्या दारात एखादे पोर मान खाली घालून बसलेले दिसेल. "काय करतोस रे?" म्हणून विचारले, की उत्तर ठरलेले : "अभ्यासाचा गेम आहे." आईवडील बिचारे गप्प बसतात. अभ्यास म्हटल्यावर बोलणार काय?

तेव्हा आज मला सांगायचे आहे ते हे, की असा खेळ खरोखर अभ्यासाचा आहे की नाही हे आपल्याला इंग्रजी येत नसले तरी ओळखता येते. ते कसे ओळखावे आणि मग कोणते खेळ मुलांपुढे ठेवावेत, एवढाच आजचा विषय.

मी महाविद्यालयात गणित शिकवतो. माझ्या वर्गातली बहुतेक मुले आसपासच्या खेड्यांतून येतात. त्यांना चार पर्यायांतून एक निवडायला सांगा, ती झटकन निवडतात आणि पुष्कळदा बरोबरही निवडतात. पण "अर्ध्याचे अर्धे म्हणजे पाव कसे, ते कागदावर काढून दाखव" म्हटले, की हात थांबतो. येत नाही असे नाही. चुकेल याची धास्ती असते. पेन्सिल कागदाला लागतच नाही. ही धास्ती अठराव्या वर्षी घालवणे फार कठीण जाते. सातव्या-आठव्या वर्षी ती बसूच नये यासाठी मात्र पुष्कळ काही करता येते. त्या कामी चांगला खेळ उपयोगी पडतो, आणि वाईट खेळ तीच धास्ती पक्की करतो.

म्हणून खेळ पारखायची माझी खूण साधी आहे. मुलाचे चुकले की खेळ काय करतो, ते पाहावे.

बाजारात भरपूर असलेल्या एका जातीचा खेळ घ्या. पडद्यावर सात अधिक पाच असे येते आणि खाली चार फुगे तरंगतात, प्रत्येकावर एकेक आकडा. चुकीच्या फुग्याला बोट लागले की भोंगा वाजतो. बरोबर फुगा फुटला की सोन्याच्या मोहरांचा पाऊस पडतो. मूल फार हुशार असते. दोन दिवसांत त्याच्या ध्यानात येते, की मोजायची काही गरज नाही. चारही फुग्यांना पाठोपाठ बोट लावले की एक फुटणारच. तिसरीतल्या एका मुलाने अशी चाळीस गणिते माझ्यासमोर चहाचा कप संपायच्या आत उरकली. मग त्याच्या आईने त्याच्यापुढे सात चिंचोके एका बाजूला आणि पाच दुसऱ्या बाजूला ठेवले, तर स्वारी एकपासून मोजायला बसली. त्या मुलाचा यात काहीच दोष नाही. भोंग्याने त्याला "चुकलास" एवढेच सांगितले. कोठे चुकलास, किती चुकलास, हे सांगितले नाही, आणि आपले आपण दुरुस्त करायला वावही ठेवला नाही.

आता याच्या अगदी उलट जातीचा एक खेळ सांगतो. तो जरा सविस्तर सांगतो, कारण तो एकदा समजला की बाकीचे पारखणे सोपे जाते.

या खेळाचे मूळ अमेरिकेतले. सीमोर पेपर्ट नावाचे एक गणिती होते. जन्म दक्षिण आफ्रिकेतला. मुलांची बुद्धी कशी वाढते याचा अभ्यास करणारे जीन पियाजे यांच्याबरोबर त्यांनी जिनिव्हात काम केले होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली खास मुलांसाठी 'लोगो' नावाची संगणकाची भाषा तयार केली. पुढे त्या भाषेत एक कासव आले. कासवाला सांगायचे : शंभर पावले पुढे जा, उजवीकडे नव्वद अंश वळ. कासव चालते आणि त्याच्यामागे रेघ उमटते. हेच चार वेळा सांगितले की चौरस पुरा होतो. एवढे कोणत्याही मुलाला जमते.

मग मुलाला म्हणावे, आता त्रिकोण काढ, तिन्ही बाजू सारख्या. शाळेत त्याने ऐकलेले असते, की अशा त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा. म्हणून ते कासवाला शंभर पावले चालवते, साठ अंश वळवते, पुन्हा शंभर पावले चालवते. आणि कासव भलतीकडेच जाते! त्रिकोण मिटत नाही. येथे भोंगा वाजत नाही आणि मोहराही पडत नाहीत. चुकलेली आकृती समोर तशीच राहते, आणि मूल तिच्याकडे बघत राहते. चिवट मूल तसेच पुढे चालवत गेले तर सहा वेळा वळल्यावर आकृती मिटते, पण ती निघते षटकोन. म्हणजे चुकीतूनही काहीतरी हाती लागते. मग केव्हातरी त्याच्या ध्यानात येते, की कासव आतला कोन वळत नाही, बाहेरचा वळते. म्हणून साठ नव्हे, एकशेवीस. किंवा दुसऱ्या वाटेने येते : पुरी गिरकी तीनशेसाठ अंशांची, तीन वळणांत ती वाटली की प्रत्येकी एकशेवीस. हे ज्याने स्वतः शोधले त्याला पाचकोनाची रीत सांगावी लागत नाही.

या कासवाला संगणक पाहिजेच असेही नाही. अंगणात एका मुलीला कासव करा, तिच्या मुठीत रांगोळी द्या, आणि दुसऱ्या मुलाने हुकूम सोडावेत : पाच पावले पुढे, उजवीकडे वळ. चुकलेल्या हुकुमाची रेघ जमिनीवर दिसते. शिक्षकबंधूंनी हा खेळ शाळेच्या मैदानावर अवश्य करून पाहावा.

त्याच परंपरेतले आजचे फुकट साधन म्हणजे 'स्क्रॅच'. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत मिचेल रेझ्निक यांच्या गटाने ते तयार केले आणि २००७ साली सर्वांना खुले केले. यात हुकमांचे रंगीत ठोकळे असतात. ते एकाखाली एक जोडले की पडद्यावरचे मांजर चालते, बोलते, रेघा काढते. मूल खेळ खेळते आणि खेळ तयारही करते. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी 'स्क्रॅच ज्युनियर' २०१४ साली निघाले. त्यात ठोकळ्यांवर शब्दांऐवजी चित्रे आहेत, त्यामुळे वाचता न येणाऱ्या मुलाचेही अडत नाही. मात्र ही साधने लहानशा फोनवर नीट चालवता येत नाहीत. त्यांना टॅब किंवा संगणक लागतो. शाळेत संगणक कापडाखाली झाकून ठेवला असेल, तर कापड काढायला हे निमित्त पुरेसे आहे.

फोनवर सुखाने चालेल असे एक संकेतस्थळ म्हणजे 'फेट'. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी ते २००२ साली सुरू केले. हे भौतिकशास्त्रज्ञ, त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. ते मिळाले कशासाठी, हे ऐकून तुम्हांला मौज वाटेल. आपले सत्येंद्रनाथ बोस आणि आइन्स्टाइन यांच्या संशोधनातून पदार्थाची जी एक अवस्था केवळ कागदावर सिद्ध झाली होती, ती वीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रयोगशाळेत प्रत्यक्ष करून दाखवली. एवढा माणूस मग मुलांसाठी विजेचे दिवे आणि फळ्या करायला बसला. या संकेतस्थळावरचे पुष्कळ प्रयोग मराठीतही मिळतात.

तेथे बॅटरी, तारा आणि दिवा देतात. मुलाने हवे तसे जोडावे. जोडणी पुरी झाली नाही तर दिवा लागत नाही. बॅटरीची दोन टोके नुसत्या तारेने जोडली तर पडद्यावर जाळ दिसतो. घरच्या बोर्डाशी असले काही करू लागला तर आपण पोराचा हात धरू. येथे खुशाल करू द्यावे. दुसऱ्या एका प्रयोगात सीसॉसारखी फळी आहे. तिच्यावर निरनिराळ्या वजनाच्या वस्तू ठेवायच्या आणि तोल साधायचा. जड वस्तू मध्याजवळ आणि हलकी लांब ठेवली तर तोल साधतो, हे मुलाला दहा मिनिटांत बोटाने कळते. त्यामागचे गणित, म्हणजे वजन आणि अंतर यांचा गुणाकार दोन्ही बाजूंना सारखा असला पाहिजे, हे नंतर सांगितले तर चटकन पटते.

दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी 'जीकॉम्प्री' नावाचा एक मोठा संच आहे. ब्रूनो कूदँ या फ्रेंच गृहस्थांनी तो २००० साली सुरू केला. 'मला समजले' अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून हे नाव पडले. त्यात शंभराहून अधिक लहान लहान खेळ आहेत : घड्याळ लावणे, नाणी मोजणे, चित्रांचे तुकडे जुळवणे, बुद्धिबळ. सगळेच सारखे चांगले आहेत असे मी म्हणणार नाही. काही अगदी फुग्यांच्या जातीचे आहेत. परंतु त्यात एकही जाहिरात नाही, आणि एकदा उतरवून घेतला की पुढे इंटरनेट लागत नाही. जेथे पावसाळ्यात चार-चार दिवस रेंज नसते, तेथे ही फार मोठी सोय आहे.

खान अकॅडमीचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. सलमान खान (हे सिनेमातले नव्हेत!) २००४ साली बोस्टनहून आपल्या एका बहिणीला दूरच्या गावी फोनवरून गणित शिकवू लागले, त्यातून ही संस्था उभी राहिली. म्हणजे मुळात ती घरचीच शिकवणी. धडे चांगले आहेत, पण ते ऐकायचे असतात. ऐकल्यावर वही उघडून गणित सोडवले नाही तर काही उरत नाही.

आता वाचनाविषयी थोडे. खेळांच्या नादात आपण हे विसरतो, की मराठीतली गोष्टींची पुस्तके फुकट मिळू लागली हीच मोठी मिळकत आहे. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ सुरू केले. तेथे सोप्यापासून अवघडापर्यंत चार पायऱ्यांच्या सचित्र गोष्टी आहेत, मराठीतही आहेत, आणि त्या छापून घ्यायलाही मुभा आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावरून तशीच्या तशी उतरवून घेता येतात. 'किशोर' मासिक १९७१ साली निघाले. त्याचे जुने अंक आता तेथे वाचायला मिळतात. आजोबांनी लहानपणी वाचलेला अंक नातवाला दाखवता येतो, ही गोष्ट काही लहान नाही. पाठ्यपुस्तकांवर जे चौकोनी ठिपक्यांचे क्यूआर कोड असतात, ते फोनने टिपले की 'दीक्षा' या सरकारी व्यासपीठावरचे धडे उघडतात. पुस्तकाला असे कोड जोडण्याची खटपट ज्यांनी आधीपासून केली त्यांत सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी होते. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले, हे आपण जाणताच.

आणि अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ. आयआयटी कानपूरला शिकलेला हा इंजिनियर गेली कित्येक वर्षे टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करतो आहे. पुण्यात आयुकाच्या आवारात मुलांचे विज्ञानकेंद्र आहे, तेथे त्यांनी पुष्कळ वर्षे काम केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर खेळण्यांची चित्रे, चित्रफिती आणि हजारो पुस्तके फुकट आहेत, त्यांत मराठी पुस्तकेही आहेत. गूल काढून टाकलेल्या आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण करा. तो दाबला तरी हलत नाही. चौकोन करा, तो लगेच कलंडतो. मग मुलाला घराच्या छपराकडे बघायला सांगा. पत्र्याखालची कैची त्रिकोणीच का केली, हे त्याचे ते सांगेल. मोबाईलवर दोन मिनिटे पाहायचे आणि तासभर हाताने करायचे, असे हे संकेतस्थळ आहे. मला स्वतःला ते सगळ्यांत जवळचे वाटते. १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, पाने घेऊन बालवाडी चालवली, त्याच जातीचे हे काम आहे.

फुकट या शब्दाविषयीही बोलले पाहिजे. वर सांगितलेली साधने देणग्यांवर, अनुदानांवर किंवा स्वयंसेवकांच्या श्रमावर चालतात. पण दुकानात 'फ्री' लिहिलेला प्रत्येक खेळ तसा नसतो. तीन मिनिटे झाली की जाहिरात येते. पुढची पायरी उघडायला पैसे मागतात. कधी मुलाचे नाव, वय, फोन नंबर विचारतात. ज्या फोनवर मूल खेळते त्याच फोनवर तुमचे बँकेचे व्यवहार असतात, तेव्हा पैसे पाठवायचा पिन मुलाला मुळीच सांगू नये, कितीही लाडका असो. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती पालकाच्या संमतीवाचून वापरू नये आणि मुलांचा माग काढून त्यांच्यावर जाहिराती सोडू नयेत, असे त्यात म्हटले आहे. कायदा चांगला आहे. पण ओट्यावर बसलेल्या पोराच्या शेजारी कायदा येऊन बसत नाही. एक साधी परीक्षा सांगतो. खेळ उतरवून घ्या, इंटरनेट बंद करा आणि मग तो चालतो का पाहा. चालला तर निदान जाहिरातींची कटकट कमी.

किती वेळ द्यावा, हा प्रश्न आया नेहमी विचारतात. अगदी लहानांपुरते उत्तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिले आहे : दोन वर्षे पुरी होईपर्यंत पडदा मुळीच नको, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एका तासाहून जास्त नको, आणि त्याहून कमी असेल तर अधिक बरे. मोठ्या मुलांना मी मिनिटे मोजून देत नाही. अर्धा तास खेळून उठल्यावर "काय केलेस, दाखव बरे" असे विचारावे. दाखवायला काही असेल, तर तो वेळ सत्कारणी लागला म्हणायचे. हा प्रश्न मराठीत विचारायचा आणि मुलाने मराठीतच उत्तर द्यायचे. आईला खेळ समजत नाही, हे येथे अडचणीचे नसून सोयीचे आहे, कारण मुलाला तो नीट समजावून सांगावा लागतो.

आणखी एक गोष्ट, जराशी कडू. घरात फोन एक आणि मुले दोन, अशी स्थिती असली की फोन मुलाच्या हाती जातो आणि मुलगी भांड्यांपाशी. अभ्यासाचा म्हणून फोन द्यायचा तर पाळी लावून द्या. माझ्या वर्गात अशा मुली येतात, ज्यांनी महाविद्यालयात येईपर्यंत संगणकाला हात लावलेला नसतो. आणि त्यांच्याच धाकट्या भावाजवळ स्वतःचा फोन असतो.

शिक्षकांना एक विनंती. गावातल्या सगळ्या घरांत रिचार्जला पैसे असतातच असे नाही. फेटचे प्रयोग फाईल म्हणून उतरवून घेता येतात आणि मग इंटरनेटवाचून चालतात. शनिवारी शाळा सुटताना चार निवडक मराठी प्रयोग एका फोनवरून दुसऱ्या फोनवर देता आले, तर तेवढ्यावर महिनाभराचे काम होते. निवडताना आधी स्वतः मुद्दाम चुकून पाहा.

ज्यांच्या घरी फोनच नाही त्यांनी फळीचा खेळ असा करावा. तीस सेंटिमीटरची पट्टी घ्या आणि षटकोनी पेन्सिलीवर बरोबर मध्यावर, पंधराच्या खुणेवर, तोलून ठेवा. एकाच जातीची पाच नाणी घ्या. मध्यापासून बारा सेंटिमीटरवर एक नाणे ठेवले, तर दुसऱ्या बाजूला सहा सेंटिमीटरवर दोन नाणी ठेवून तोल साधतो. आता ती नाणी उचला. एका बाजूला मध्यापासून नऊ सेंटिमीटरवर दोन नाणी ठेवा, आणि उरलेली तीन मुलाच्या हातात देऊन विचारा, ही दुसऱ्या बाजूला एकावर एक कोठे ठेवशील? उत्तर मी येथे सांगत नाही. त्याला ठेवून पाहू द्या.